बाटलीआधी बाग : नाशिकच्या रेड वाइनबद्दलचे गैरसमज

नाशिक जिल्ह्यात काही कुटुंबांनी स्वतःच्या द्राक्षमळ्यातच वाइनरी उभारली. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीची पाटील कुटुंबाची 'रेव्हेलो' त्यांपैकीच एक. सिसिलीचा 'नेरो दाव्होला' हा काळा वाण त्यांनी इथे लावला. अशा मळ्याची रेड वाइन उतरते ती बागेतल्या कष्टांतून, आणि ते कष्ट माहीत नसल्यानेच तिच्याबद्दल गैरसमज पसरतात.

गैरसमज : बाजारात न खपलेल्या द्राक्षांची वाइन करतात.
वस्तुस्थिती : खाण्याचं थॉमसन जातीचं द्राक्ष टपोरं, बिनबियांचं आणि पातळ सालीचं. रेड वाइनला लागतात कॅबरने सोव्हिन्यॉन, शिराझ असे वाण : मणी बारीक, साल जाड, आत बिया. इथे मणी फुगला तर नुकसानच, कारण सालीच्या मानाने रस वाढतो आणि रंग-चव फिकी पडते. म्हणून वेलीवर मोजकेच घड ठेवतात, पाणीही हात राखून देतात.

गैरसमज : चांगली रेड वाइन थंड देशांतच होते.
वस्तुस्थिती : नाशिकचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि पाऊस ओसरताना गोडी छाटणी (फळांसाठी) केली, की माल हिवाळ्यात तयार होतो. थंड रात्रींमुळे मण्यातली आंबट चव टिकते. तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. त्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर साखर तपासतात आणि बी चावून पाहतात. बी हिरवट असेल तर थांबायचं. तपकिरी, कुरकुरीत झाली की घड तोडायला घ्यायचे.

गैरसमज : लाल रंग वरून घालतात.
वस्तुस्थिती : बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास बिनरंगी असतो, रंग असतो सालीत. म्हणून रस सालीबियांसकट आंबवतात. आंबताना सुटणाऱ्या वायूमुळे साली वर येऊन थर धरतात, तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. रंगाबरोबर टॅनिनचा तुरटपणाही त्यातूनच उतरतो.

गैरसमज : जितकी जुनी, तितकी उत्तम.
वस्तुस्थिती : बहुतेक वाइन काही वर्षांत पिण्यासाठीच बनते. उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात ती मुरत नाही, बिघडते. देतानाही 16 ते 18 अंश तापमान योग्य; आपल्याकडे त्यासाठी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावीच लागते.

गैरसमज : छोट्या मळ्याच्या वाइनमध्ये सल्फाइट नसतं.
वस्तुस्थिती : आंबताना यीस्टच थोडं सल्फाइट तयार करतं. वाइन टिकावी म्हणून बहुतेक छोटे उत्पादकही ते मोजून घालतात.

गैरसमज : रोज एक ग्लास हृदयाला बरा.
वस्तुस्थिती : अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. वाइन औषध नाही.

मळा छोटा म्हणून वाइन आपोआप चांगली ठरत नाही. मात्र छाटणीपासून बाटलीपर्यंतचा प्रत्येक निर्णय एकाच घराचा असतो आणि त्याची जबाबदारीही त्याच घराची. त्यामुळे बाटली विकत घेताना द्राक्षाचा वाण, तोडणीचं वर्ष आणि मळ्याचं गाव जरूर विचारा. मनापासून शेती करणारा या तिन्हींबद्दल भरभरून बोलेल.