इवल्याशा कॅल्क्युलेटरची गोष्ट

दोस्तांनो, संगणकावर निबंध लिहिताना मध्येच बेरीज करायची झाली, तर? पटकन कॅल्क्युलेटर उघडता ना? १९८४ च्या मॅकिंटॉशवर एका वेळी एकच मोठा प्रोग्रॅम चालायचा. मेमरी जेमतेम १२८ किलोबाइट! म्हणून लिखाण बंद न करता वापरता येतील अशी घड्याळ, कॅल्क्युलेटर वगैरे चिमुकली साधनं त्यात दिली होती. आजच्या विजेटची ही थोरली भावंडं.

पण कॅल्क्युलेटर तयार होत असताना स्टीव्ह जॉब्जना तो पसंतच पडेना. कधी रेघा जाड, कधी बटणं मोठी! तो करत होता ख्रिस एस्पिनोसा, चौदाव्या वर्षीच अ‍ॅपलमध्ये दाखल झालेला पठ्ठ्या. त्यानं शक्कल लढवली. रेघा, बटणं हवी तशी बदलता येतील असा प्रोग्रॅमच साहेबांपुढे ठेवला. घ्या, तुम्हीच करा! दहाएक मिनिटांत साहेब खूश. तेच रूप पुढं पंधराहून अधिक वर्षं टिकलं.