सलाईनचा सेट : स्वस्त लॉट आणि जंतूंचा धोका

रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. कामगार वस्ती आली की दवाखाने येतात आणि दवाखान्यांमागून सर्जिकल मालाचा धंदा. तेथील आमच्या ओळखीच्या एका तरुणाने गेल्या पावसाळ्यात या धंद्यात उतरायचे ठरवले आणि सलाईन सेटच्या स्वस्त लॉटसाठी बयाणा दिला. माल उतरला तेव्हा त्याने मला पाहायला बोलावले. मी कापडवाला. कापड दोन बोटांत धरले की सूत कळते. येथे पाकीट हातात घेऊन काहीच कळेना.

वस्तू तशी साधी. बाटलीखाली थेंब पडणारी नळकांडी, खाली लांब नळी, नळीवर चाकाचा क्लॅम्प. मोठ्यांच्या सेटमध्ये साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, मुलांच्या बारीक थेंबाच्या सेटमध्ये 60. पण चाक हळूहळू सैल पडते, रुग्ण कूस बदलतो आणि वेग चुकतो. म्हणून डायलच्या रेग्युलेटरला मागणी आली. बाटलीची उंची बदलली की त्याचाही आकडा खोटा ठरतो. नेमका वेग इन्फ्युजन पंपच देतो, पण त्याची किंमत लहान दवाखान्याला जड जाते. शिवाय डायल वेगळा जोडला की एक सांधा वाढतो आणि हात न धुता सांधा हाताळला की जंतूंना वाट मिळते.

याहून वाईट सवय म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या बाटलीत हवा जावी म्हणून वरून सुई टोचून ठेवणे. खोलीतील हवा न गाळता थेट औषधात! फिल्टरसह हवेची वाट असलेला सेट बाजारात मिळतो, दर थोडा जास्त. पण खरेदी करणारा एक, लावणारा दुसरा आणि सोसणारा तिसरा. त्यामुळे भाव तेवढा पाहिला जातो.

वापरलेला माल पुन्हा बाजारात आला तर काय होते, हे 2009 साली गुजरातमधील मोडासा परिसरात दिसले. वापरलेल्या सिरिंज-सुयांमुळे तेथे हिपॅटायटिस बी पसरला. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले सेट लाल पिशवीत जातात, भंगारवाल्याकडे नव्हे.

असे डिस्पोजेबल सेट 1989 पासून औषध कायद्याखाली आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर विक्रेत्याला परवाना नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते. बिलावर बॅच नंबर हवाच. एखादा सेट सदोष निघाला तर बाकीचे कोठे गेले, हे त्यावरूनच शोधता येते.

आता त्या लॉटविषयी. बरेच सेट इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. वायू पाकिटाच्या कागदी बाजूतून आत जातो. तोच कागद भिजला की जंतूंनाही वाट मोकळी. येथे खोक्यांचे तळ ओले होते आणि बिलावर बॅच नंबर नव्हता. घाऊक व्यापारी फोनवर म्हणाला, "उन्हात वाळवा, काही होत नाही." ओले ठाण उन्हात घालून आम्हीही विकले आहे, पण ते अंगावर नेसायचे असते, शिरेत घालायचे नसते.

पोराने त्याच टेम्पोने माल परत पाठवला. बयाणा अजून सुटलेला नाही.