हळदीचा पिवळा, दिव्याचा पिवळा

लग्नघरात हळदीच्या दिवशी कॅमेरेवाल्या मामाची मोठी धावपळ असते. चौरंगावर नवरी, भोवती आत्या, काकू, माम्या, आणि डोक्यावर जुना पिवळा बल्ब. फ्लॅश टाकून मामा दोन-अडीचशे फोटो काढतो. रात्री सगळे फोटो पाहायला बसतात आणि एकेकाचा चेहरा उतरत जातो. काही फोटोंत नवरी निळसर, आजारी दिसते. काहींत ती छान आली आहे, पण मागे बसलेली आजी कावीळ झाल्यासारखी पिवळी. आणि ज्या हळदीसाठी हा सगळा सोहळा, ती हळदच एखाद्या फोटोत बेसनासारखी फिकट! हळद काही पुन्हा लावता येत नाही.

कॅमेरा बिघडलेला नसतो, फ्लॅशही नसतो. चुकते ते ‘व्हाइट बॅलन्स’ नावाचे सेटिंग.

पांढरे पातळ उन्हात पाहा किंवा बल्बखाली, आपल्याला ते पांढरेच दिसते. ही मेंदूची करामत. कॅमेरा मात्र जसा प्रकाश तसा रंग टिपतो. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, आणि आणखी तापले की पांढरे. प्रकाशाचा रंग याच हिशेबाने, केल्व्हिन या एककात मोजतात. साधा बल्ब साधारण २७०० केल्व्हिनचा, भर दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास. फ्लॅशही त्या दुपारच्या उन्हाचाच भाऊ, ५५०० ते ६०००. आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, मोठा तितका निळा.

रोलच्या काळात नेहमीचा रोल उन्हासाठी आणि फ्लॅशसाठी बनवलेला असे. दिव्याखाली काम करणारे छायाचित्रकार ३२०० केल्व्हिनचा वेगळा रोल घालत, नाहीतर लेन्सवर निळा फिल्टर चढवत. आज तीच निवड मेनूतल्या चित्रांत असते: सूर्य, ढग, बल्ब, ट्यूब आणि विजेचा बाण. बाण म्हणजे फ्लॅश. बल्बचे चित्र निवडले की कॅमेरा फोटोत निळा रंग वाढवतो, म्हणजे बल्बचा पिवळेपणा कटतो. आता अशा वेळी फ्लॅश उडवला तर? त्याचा प्रकाश मुळातच पांढरा, त्यावर ही निळाई. म्हणून नवरी निळी.

बाणाचे चित्र निवडले की चेहरा सुधारतो, आजी मात्र पिवळीच राहते. फ्लॅश नवरीपर्यंत पोचतो, आजीपर्यंत पुरेसा पोचत नाही. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. नवरी फ्लॅशच्या उजेडात आणि आजी बल्बच्या, असे दोन रंगांचे प्रकाश एकाच फोटोत आले की कोणतेही एकच सेटिंग दोघींना न्याय देऊ शकत नाही. ‘रॉ’ फाइल ठेवून नंतर संगणकावर रंग बदलता येतो, पण पूर्ण फोटोचा रंग एकदम सरकवला तर तिथेही हीच अडचण येते.

फिकट हळदीचे कारण वेगळे. ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा फोटोतले रंग पाहून प्रकाशाचा अंदाज बांधतो. साडी पिवळी, झेंडू पिवळे, गाल पिवळे. त्याला वाटते प्रकाशच पिवळा आहे, आणि तो निळा रंग ओततो. हळदीला ऑटो नकोच.

मग मामाने काय करावे? सर्वांत सोपे म्हणजे बाणाचे चित्र निवडावे आणि शटर १/२०० सेकंदाच्या जवळ न्यावे. फ्लॅशची चमक याहून कितीतरी क्षणिक असते, त्यामुळे तिच्यात फरक पडत नाही. बल्बचा उजेड मात्र कमी टिपला जातो आणि मागचा पिवळेपणा दबतो. १/३० ठेवले तर तो उठून दिसतो. तो काही नेहमीच वाईट नसतो. लक्ष्मीपूजनात मागच्या पणत्या पिवळ्या दिसायलाच हव्यात.

आजीही नीट यायला हवी असेल, तर फ्लॅशलाच बल्बच्या रंगाचे करावे. नाटकात दिव्यांपुढे लावतात तसा नारिंगी जिलेटिनचा तुकडा फ्लॅशवर चिकटवावा आणि बल्बचे चित्र निवडावे. आता दोन्ही प्रकाश जवळपास एका रंगाचे. जिलेटिन थोडा प्रकाश खाते, आणि ते फोटोच्या सामानाच्या दुकानातलेच घ्यावे. शाळेच्या हस्तकलेतल्या कागदाचा रंग मोजून बनवलेला नसतो. ‘ॲपल’ने २०१३ मध्ये आयफोन ५एसमध्ये पांढरा आणि पिवळसर असे दोन फ्लॅश-दिवे दिले, त्यामागे हाच विचार होता.

त्याहून अचूक हवे असेल, तर चौरंगावर करडे कार्ड धरून फ्लॅशसह एक फोटो काढावा आणि ‘कस्टम’ सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला तो दाखवावा. कार्डाऐवजी धुतलेला रुमाल चालवू नये. नीळ दिलेला पांढरा रंग कॅमेऱ्याला फसवतो.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यात नाही, मांडवात असते. चेहऱ्यावर कडक उजेड नको म्हणून बरेच जण फ्लॅश वर वळवतात. वर भगवे कापड असेल तर परतणारा प्रकाश भगवा, छत पोपटी असेल तर पोपटी. मांडववाल्याला आदल्या दिवशीच सांगावे, चौरंगाच्या वर तेवढे पांढरे कापड लाव. तो जरा हसेल, पण लावेल.