हजेरीपटावरची नावं

दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तुमचाही असेलच. आमचा १९९६ सालच्या दहावीचा. मुलं आठवडाभरात जमली, मुली मात्र सापडेनात. सापडणार कशा? लग्नात आडनाव बदललं, कित्येकींचं तर तांदळात नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही गेलं. कायद्याने अशी सक्ती कुठेच नाही बरं का!

मग कुणाच्या भावजयीला, कुणाच्या मावशीला फोन करत एकेकीला शोधलं. गप्पा काय रंगल्या म्हणता! लाल रिबिनीच्या दोन वेण्या, चौघींत फिरणारं एकच 'एकवीस अपेक्षित', मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं, कर्कटकाने बाकावर कोरलेली नावं...

एकजण गप्पच होती. नववीत, दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न लावून दिलं होतं. मुलीचं वय अठरा हवं, हा कायदा १९७८ पासूनचा. पण विचारतो कोण?

"हजेरीत माझं नाव किती दिवस घेत होते गं?" तिने विचारलं.

महिनाभर तरी. बाई पुकारायच्या, थांबायच्या, मग पुढचं नाव घ्यायच्या.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे मी तिला सांगितलं. आता सून तिचा अभ्यास घेतेय. भूमितीची भीती मात्र तेवढीच आहे म्हणते!