घर लहान असावे, कोंदट नसावे

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आयुष्यभराची पुंजी एका घरात जाते आणि मग उरलेले आयुष्य त्याच घरात काढायचे असते. घराचा विषय निघाला की आपण वाळू, सिमेंट, सळईचे भाव बोलतो, दाराची दिशा पाहतो, वास्तुशांतीला किती पाने उठतील याचा हिशेब करतो. त्या घरात राहणाऱ्यांची प्रकृती कशी राहील, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मध्यंतरी सोनगीरला एका वयस्कर गृहस्थांनी मला नेमके तेच विचारले. त्यांना घरकुल मंजूर झाले होते. नातू मोबाइलवर अमेरिकेतली चाकांवरची इवलीशी घरे दाखवून म्हणत होता, “बघा आबा, तिकडे श्रीमंत लोकसुद्धा हौसेने एवढ्याशा घरात राहतात.” आबा मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सहा माणसं मावतील की नाही ते मी पाहून घेईन. आजारी पडतील की नाही, ते तुम्ही सांगा.”

प्रश्न अनेकांचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे दिसले. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत घर किमान २० चौरस मीटरचे असे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) ही मर्यादा स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट झाली. तेव्हा लहान घर हे आपल्यापैकी अनेकांचे वास्तव आहे. त्यात निरोगी कसे राहायचे, एवढेच पाहायचे.

लहान घराची ओढ

लहान घराचे फायदे आधी मोकळेपणाने मान्य करू. झाडलोट अर्ध्या तासात होते. कर्जाचा डोंगर होत नाही, आणि कर्ज नसणे हे रक्तदाबाला फार चांगले! म्हाताऱ्या माणसांना चार पावलांत सगळे हाताशी येते. रात्री कोणी कण्हले तर लगेच ऐकू जाते. अडगळ साठवायला जागाच नसल्याने ती साठत नाही.

अमेरिकेत ही ओढ जुनी आहे. हेन्री डेव्हिड थोरो हा विचारवंत १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. ती १० फूट रुंद आणि १५ फूट लांब होती, खर्च आला सुमारे २८ डॉलर. तिथे तो दोन वर्षे राहिला. आपल्याकडे गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथली माती, बांबू आणि कौलांची बापू कुटी आजही पाहता येते. ती पाहून आलेला प्रत्येक जण ‘किती शांत वाटले’ असेच सांगतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. थोरोच्या दीडशे चौरस फुटांत एकटा माणूस होता आणि बाहेर रान व तळे होते. बापू कुटीभोवती आश्रमाचे मोकळे आवार आहे. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींची खोली साधारण १६० चौरस फुटांची, म्हणजे जवळपास थोरोच्या झोपडीएवढीच. मात्र तिथे अख्खे कुटुंब आणि शिवाय गावाकडून कामासाठी आलेले पाहुणे राहत. जागा तेवढीच, पण एकीकडे ती साधेपणा ठरली आणि दुसरीकडे दाटी. माणसे किती आणि घराबाहेर मोकळी जागा किती, यावर सारे अवलंबून आहे.

धाब्याच्या घराची शिकवण

सोनगीरसारख्या आपल्या खान्देशी गावांतली जुनी धाब्याची घरे आठवा. जाड मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचे सपाट छप्पर. खोल्या लहान आणि अंधाऱ्या, पण माणसे त्या खोल्यांत राहत कुठे होती? दिवसा ओट्यावर, संध्याकाळी अंगणात आणि उन्हाळ्यात रात्री बाज टाकून धाब्यावर. खोलीत असायचे धान्य, देव आणि चूल. घर लहान असले तरी राहणे मोठे होते.

या घरांचे गोडवे गाताना त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. चोरांच्या भीतीने मधल्या घराला खिडकी नसे. भिंतींच्या भेगांत ढेकूण, विंचू असत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती नीट केली नाही तर धाबे गळे, आणि झड लागली की ओल्या मातीच्या ओझ्याने खचण्याचा धोका असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातली अशीच जड माळवदाची घरे माणसांच्या अंगावर कोसळली. म्हणून पुन्हा धाब्याकडे चला, असे मी म्हणणार नाही. पण नवे पक्के घर बांधताना आपण लहानपणा तेवढा ठेवला आणि ओटा, अंगण, धाबे मात्र घालवले. तोट्याची गोष्ट ती आहे.

हवा: सर्वांत आधी

कोंदट खोलीतला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे क्षयरोग. रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू हवेत येतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना पांगवते, ऊन त्यांना मारते. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन इमारतींचा २०१८ साली अभ्यास झाला. दोन इमारतींत अगदी थोडे अंतर असल्याने जिथे ऊन-वारा पोहोचत नव्हता, अशा खालच्या मजल्यांवरच्या घरांत क्षयरोग अधिक आढळला. घरे पक्की होती, नळ होता, वीज होती. नव्हता तो फक्त वारा.

असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण. घर दहा बाय बाराची एक खोली, माणसे पाच. एकुलती एक खिडकी होती, पण तिच्यापुढे कपाट लावलेले. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. मी घरातल्या सगळ्यांना तपासणीला पाठवले. लहान पुतणीला रोग नव्हता, पण तिच्या वयाचा विचार करून प्रतिबंधक औषध सुरू झाले. कपाट हलले, खिडकी उघडली आणि तरुणाची बाज सुरुवातीचे काही आठवडे ओट्यावर गेली. औषधाचा पुरा कोर्स करून तो बरा झाला.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

खिडकी किती मोठी असावी? राष्ट्रीय इमारत संहितेचा सोपा नियम आहे. कोरड्या उष्ण हवेच्या भागात खिडक्या-झरोक्यांची मोकळी जागा खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश हवी. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला दहा चौरस फूट, साधारण अडीच बाय चार फुटांची खिडकी. ती एकाच भिंतीत नको. समोरासमोर दोन उघडी जागा असतील तरच वारा आरपार जातो. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत असेल तर छपराजवळ झरोका ठेवा. गरम हवा वर जाते आणि तिथून निघून जाते.

धूर: घरातला आणि धंद्यातला

एका खोलीत चूल आणि झोपणे, हे सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले. त्यात बायका आणि लहान मुलांना झळ अधिक, कारण चुलीजवळ तीच असतात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आला, पण सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते. ती पेटवायची तर ओट्याच्या टोकाला किंवा पडवीत पेटवा, झोपायच्या खोलीत नको.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल तर हात जोडून सांगतो. दारे-खिडक्या बंद करून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल अजून काही घरांत आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो. बाळंतिणीला ऊब द्या, पण पांघरुणाने द्या. खोलीत निखारे नकोत.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, म्हणून कारागिरांसाठी एक खास गोष्ट. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते वितळवताना जस्ताचा धूर होतो. बंद जागेत तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी, ताप, अंगदुखी, तोंडात धातूची चव असा त्रास होतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतो. हिवताप समजून लोक गोळ्या घेतात. असा ताप भट्टीच्या दिवशीच येत असेल तर डॉक्टरांना आपले काम जरूर सांगा. भट्टी राहत्या खोलीपासून वेगळी आणि उघड्यावर हवी. हातोड्याच्या सततच्या आवाजाने कानही हळूहळू जातात. त्याच खोलीत पाळणा असेल तर तो आवाज बाळालाही सोसावा लागतो.

गॅसबाबत एवढेच, की हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून स्वयंपाकाच्या जागी खालच्या बाजूलाही जाळीचे भोक हवे. सिलिंडर उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ठेवा. वास आला तर विजेच्या बटणाला हात लावू नका.

ऊन, पाणी आणि डास

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याची किंवा उघड्या स्लॅबची खोली त्या वेळी भट्टी होते आणि स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि दारू पिणारे यांना उष्माघाताचा धोका अधिक. छतावर पांढरा चुना द्या, पत्र्याखाली बांबूची चटई किंवा तट्ट्या लावा, पश्चिमेच्या भिंतीला झाडाची किंवा वेलाची सावली द्या. जागा वाढवण्यासाठी पोटमाळा करण्याची हौस असते. पण गरम हवा तिथेच साठते आणि रात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस शिडीवरून पडला की मांडीचे हाड मोडते. पोटमाळा सामानासाठी ठेवा.

नळाला रोज पाणी नसले की लहान घरात पिंप, टाक्या, हंडे भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो. भांडी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस सगळी घासून कोरडी करा.

मनालाही जागा लागते

लहान घराचा ताण फार कमी बोलला जातो. सुनेला रडायलाही कोपरा नसतो. मुलगा दहावीत, आजोबांचा रेडिओ मोठ्याने आणि टीव्हीवर मालिका! नवरा-बायकोला मोकळेपणाने बोलता येत नाही. २०२० साली करोनात ‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा’ असे आम्ही डॉक्टर सांगत होतो. ज्यांच्याकडे दुसरी खोलीच नव्हती, त्यांनी काय करावे? अनेक गावांनी त्या वेळी शाळा उघडून दिल्या, ते फार मोठे काम झाले.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. एक जाड पडदा, अभ्यासाच्या दोन तासांत टीव्ही बंद आणि गावात एखादी अभ्यासिका. सुनेला रोज अर्धा तास तिचा स्वतःचा असावा. सासूबाईंनी तेवढ्या वेळात देवळात जाऊन यावे, हे मी गमतीने सांगत नाही.

बांधण्यापूर्वी हे पाहा

१. समोरासमोर हवा जाण्याची सोय आधी आखा, मग खोल्या आखा.
२. चूल किंवा शेगडीची जागा झोपण्याच्या जागेपासून वेगळी ठेवा.
३. पैसे कमी पडले तर दर्शनी भागाची फरशी आणि रंग मागे ठेवा. संडास आणि खिडकी मागे ठेवू नका.
४. जागा संपेपर्यंत भिंत पुढे नेऊ नका. चार फुटांचा का होईना, ओटा सोडा.
५. गच्चीवर जायला कठड्याचा पक्का जिना करा.
६. सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्या आणि तो पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा.
७. म्हातारे, गरोदर बाई किंवा आजारी माणूस घरात असेल तर संडासाची वाट रात्री उजेडाची आणि पायरीविना असू द्या.

“घर धाकलं शे, पन आपलं शे,” असे आपल्याकडे अभिमानाने म्हणतात. तो अभिमान रास्त आहे. त्या आपल्या घरात वाऱ्याला आणि उन्हालाही थोडी जागा ठेवा, म्हणजे दवाखान्याच्या वाऱ्या कमी होतील. ज्यांचे घर आधीच बांधून झाले आहे, त्यांनी आज एवढेच करावे. खिडकीपुढचे कपाट हलवावे आणि खिडकी उघडावी.