ढगांची हजेरी

आधीच सांगतो, खाली मांडलेला दिवस एका तारखेचा नाही. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१ आणि १८२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या उत्तरेला, हॅम्पस्टेडच्या टेकडीवर ढग रंगवत होता. कागदामागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. त्यातले चार-पाच कागद घेऊन मी घड्याळाच्या क्रमाने लावले आहेत.

सकाळ, कामाआधी. लोअर टेरेस, घर नंबर २. भाड्याचं. बायको मारिया छातीने अधू, तिला शहराचा धूर सोसत नाही, म्हणून लंडनच्या घराखेरीज हे दुसरं भाडं. पदरात तीन मुलं. घरात जागा नाही. बागेतल्या शेडमधला कोळसा, वाळू, झाडू बाहेर काढून त्याने तिथे कामाची जागा केली आहे. मोठं चित्र ठेवायला गावातल्या एका काचवाल्याकडे खोली घेतली आहे.

आता सामान. तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधून मिळतो. पिशवीला टोचून भोक पाडायचं, हवा तेवढा रंग दाबून काढायचा, भोकात खिळा खुपसून ते बंद करायचं. पिशवी फुटली की रंग गेला, पैसेही गेले. कथलाची ट्यूब निघाली १८४१ मध्ये. तोवर कॉन्स्टेबलला जाऊन चार वर्षं झाली होती. कॅनव्हास बाहेर नेत नाही. कागदच बरा. रंगपेटी मांडीवर, कागद झाकणाच्या आतल्या बाजूला टाचलेला.

सकाळी १० ते ११. (११ सप्टेंबर १८२१) उकाडा. नैर्ऋत्येकडे हलका वारा. सूर्याखाली रुपेरी करडे ढग. हातात तास आहे, तोही ढगांच्या मर्जीवर. खालचा थर वाळायची वाट बघता येत नाही, ओल्यावरच ओला रंग चढवावा लागतो. कागदामागच्या नोंदीत शेवटी लिहिलंय की दिवसभर चांगलं होतं, रात्री पाऊस पडला. म्हणजे हजेरी पुरी झाली ती पाऊस पडून गेल्यावर.

पुन्हा १०. (५ सप्टेंबर १८२२) तोंड आग्नेयेला, पश्चिमेचा जोरदार वारा. पिवळसर पट्ट्यावरून करडे ढग पळताहेत. घरात ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलगी इझाबेल आहे.

दुपारी १२. (१२ सप्टेंबर १८२१) कडक ऊन, दक्षिणेला डोळे दिपवणारा उजेड. दुपारनंतर जोरदार सरी. वाऱ्याचा एवढा हिशेब कशाला? हा गिरणीवाल्याचा पोरगा. बापाच्या पवनचक्कीत काम केलेला. वारा कळला नाही तर दळण अडतं, हे त्याला चित्रकलेच्या आधी कळलेलं.

दुपारी १ नंतर, मग ३. (२१ सप्टेंबर १८२२) एकाच दिवशी दोन कागद. दोन्ही वेळा तोंड दक्षिणेला, वारा पूर्वेचा, हवा उबदार. दोन तासांत तेच आभाळ त्याला परत रंगवावंसं वाटलं. मला त्याची सगळ्यात मोठी हुशारी इथे दिसते. आभाळ म्हणजे झाडाघरांमागे लावलेली पांढरी चादर, असं समजून रंगव, हा सल्ला त्याला अनेकदा मिळाला होता. त्याने तो मानला नाही.

संध्याकाळ, हिशेब. ढगांची मजुरी शून्य. ते विकायचे नव्हतेच. १८२२ च्या ऑक्टोबरात त्याने मित्राला कळवलं, आभाळाचे पन्नासेक अभ्यास झाले. पैशांची चणचण होती. १८२१ च्या प्रदर्शनात लावलेलं त्याचं ‘द हे वेन’ हे चित्र विकलं गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी एका व्यापाऱ्याने ७० पौंड देऊ केले, ते त्याने नाकारले. १८२४ मध्ये आणखी दोन चित्रांसह ते २५० पौंडांना गेलं, आणि पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

१८८८ साली इझाबेलने वडिलांची घरात राहिलेली चित्रं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला देऊन टाकली. पाच सप्टेंबरचे ते पळते ढगही त्यांतच होते. त्या संग्रहालयाला आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात. आत जायला तिकीट नाही.