जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी

मंडळी, लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लागली की आपण म्हणतो, 'म्हातारा झाला.' पण बऱ्याचदा दोष प्रोसेसरचा नसतो. तो बिचारा हार्ड डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

आता हिशोब बघा. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो. हेड सरकायचा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती असे हजारो तुकडे वाचते. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक वेळा त्याच जागी बसते.

मात्र आम्ही एक आग्रहाने सांगतो. आधी फोटो, कागदपत्रं तिसऱ्याच ठिकाणी उतरवून ठेवा. मग क्लोन करताना कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, हे दोनदा तपासा. उलटं झालं, तर कोरी डिस्क आपल्या फोटोंवर उतरते. आणि जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर कपाटात असू द्या. लॅपटॉप नवा मिळतो, फोटो मिळत नाहीत.